आप्पांच्या दीड मात्रा

रॉटरडॅम,
३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र पाहून हसशील. पण आईला कागद हातात लागतो, म्हणून टपाल. आप्पांना जाऊन दोन महिने झाले. मी रडलेलो नाही. जेवतो, कामाला जातो, आत सगळं बधिर आहे.

तू फोनवर पाठवलेली आप्पांची क्लॅरिनेटवरची वरातीची चाल आमच्या जॅझच्या सातजणांसाठी लिहून काढतोय. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम, सगळ्यांना वाटे दिलेत. दुसरी ओळ संपली की आप्पा दीड मात्रा थांबतात, दर वेळी. सोलापूरच्या बँडची ही खास लय, असं मी छाती फुगवून सांगितलंय. ड्रमवाला तीन दिवस मोजून रडकुंडीला आला. १५ मार्चला कार्यक्रम आहे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा,
धम्मदीप

शुक्रवार पेठ, सोलापूर,
१७ फेब्रुवारी

चि. धम्मदीपास अनेक आशीर्वाद.

दीडशहाण्या, कसली खास लय? माझ्या लग्नात हीच चाल आप्पांनी वेशीपासून मांडवापर्यंत न थांबता नेली होती, विसरलास? मी पाठवलेलं वाजवणं दिवाळीतलं आहे. तेव्हा घरी वाजवताना त्यांना धाप लागायची, म्हणून थांबायचे. तुला कळवायचं नाही, पोरगं काम टाकून धावत येईल, असं त्यांनीच बजावलं होतं. आम्ही ऐकलं. चुकलंच आमचं.

आता तू त्यांची धाप परदेशात लय म्हणून शिकवतोस, याचा राग यावा की हसू, कळत नाही. मलाही काही वाटेनासं झालंय. त्या दीड मात्रा काढून टाक. धडधाकट आप्पा ऐकू देत लोकांना.

मी अजून आईपाशीच आहे. जपून राहा, नि माझ्यावर रुसू नकोस.
तुझी अक्का,
बुद्धप्रिया

रॉटरडॅम,
१६ मार्च

ती. सौ. अक्कास,
सप्रेम जयभीम.

रुसलो नाही. दीड मात्रा काढूनही पाहिल्या. चाल गुळगुळीत झाली, कोणाही बँडची वाटावी अशी. तिच्यात आप्पा सापडेनात. शेवटी परत घातल्या आणि सगळ्यांना खरं सांगितलं. ड्रमवाल्यानं विचारलं, की मग मोजायचं कसं. मी म्हटलं, की मोजायचंच नाही, सगळ्यांनी श्वास घ्यायचा.

काल तसंच वाजलं. टाळ्या झाल्या. मी कोरडाच उभा होतो.

फोनवर पाठवलंय, आईला ऐकव. ती नको म्हणाली, तर ही चाल पुन्हा वाजवणार नाही.

तुझ्या मायेत असू दे.
धम्मदीप

सोलापूर,
३० मार्च

चि. धम्मदीपास अनेक आशीर्वाद.

आईला ऐकवलं. ती ज्वारी निवडत होती. तुमच्या भोंग्यांच्या गलक्यात तिला चाल ओळखू येईना. हे कोण वाजवतंय, असं दोनदा विचारलं तिनं. मग दुसरी ओळ संपली आणि सगळे थांबले. आईनं सूप खाली ठेवलं, न बघता शेजारचा तांब्या उचलला आणि आप्पांच्या खुर्चीकडे धरला. दिवाळीत ती असंच पाणी द्यायची त्यांना.

चाल पुढे निघून गेली. तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. आप्पा गेल्यापासून मी आज पहिल्यांदा रडले.

आईचा तुला निरोप आहे, की ते थांबणं काढायचं न्हाय. तेवढ्यात त्येंचं पाणी पिऊन हुतं.

माया आहे तशीच आहे.
तुझी अक्का