जे द्याल ते धरीन

३ तारीख, सोमवार
दहा दिवसांची रजा मंजूर. आजपासून बसस्टँडच्या हॉलमध्ये माझा परफॉर्मन्स. गळ्यात पाटी: 'जे द्याल ते धरीन.' नियम दोनच. मालक येईपर्यंत वस्तू सोडायची नाही. तिथे तोंड उघडायचं नाही. लोक आपलं दुःख आणून हातात देतील असा अंदाज. बायको म्हणाली, आधी भाजीची पिशवी धर. तिला कलेचं अंगच नाही.

संध्याकाळी ६. दोन हेल्मेटं, एक छत्री. एका बाईंची पर्स, त्या बाथरूमला जाऊन येईपर्यंत. केवढा विश्वास!

४, मंगळवार
सतरा नग. सामानघराचा कारकून म्हणे, मी त्याची गिऱ्हाइकं तोडतो. दुर्लक्ष केलं. मान आखडली. उद्यापासून व्यायाम.

५, बुधवार
व्यायाम राहिला. दुपारी एका बाईने चक्क एका म्हाताऱ्याचा हात माझ्या हातात दिला. सासरे तिचे. तिकीट काढून आलेच म्हणाली. जिवंत माणूस! इथवर कुणी कलाकार पोचला नसेल.

५.३०. तिकीटखिडकी बंद. बाई नाही.

६.१५. आजोबांना लघवीला नेलं, हात न सोडता. तपशील लिहीत नाही.

७.३०. नियम म्हणजे नियम. घरी आणलं. बायकोने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं आणि फक्त त्यांनाच वाढलं. डाव्या हाताने लिहितोय.

६, गुरुवार
आजोबा मला बाळ्या म्हणतात. चौकीत कळवावं, असं बायकोचं मत. पण मग परफॉर्मन्स अर्धवट राहणार. उद्या बघू.

७, शुक्रवार
चौकी राहिली. बाळ्याला शाळेला उशीर होतोय म्हणून आजोबा पहाटेपासून मला दाराकडे ओढत होते. मनगटावर वळ उठलेत. बायको म्हणाली फोटो काढून ठेव, आर्ट आहे.

८, शनिवार
स्टँडवर बाई आली. बहिणीकडे जाऊन तीन दिवस नुसती झोपले म्हणाली. बोलायची मनाई, म्हणून डोळ्यांनीच झापलं. तेवढ्यात आजोबांनी मला बाळ्या म्हटलं. ती थबकली. तिच्या नवऱ्याचं घरातलं नाव. नऊ वर्षांपूर्वी वारला. मग माझी पाटी नीट वाचून म्हणाली, "तुम्ही तीन दिवस धरलात. मी नऊ वर्षं धरलाय हा हात. मला कुणी पाटी नाही दिली."

इतका मनापासूनचा फीडबॅक पहिल्यांदाच मिळाला. आजोबा मात्र हात सोडेनात. एकेक बोट सोडवावं लागलं. नंतर बराच वेळ हाताचं काय करावं सुचेना.

९, रविवार
ठरलं. प्रयोग यशस्वी. उद्या पाटी काढून समारोप करायचा. उरलेल्या रजेत व्यायाम.

१०, सोमवार
दोन्ही हात गुंतल्यामुळे आजची नोंद बायकोकडून लिहून घेतोय. पोचलो तर बाई आजोबांना घेऊन हजर. दर आठवड्याला सोमवार ते बुधवार जमेल ना, म्हणाली. मागे तिची शेजारीण, स्वतःच्या सासूला घेऊन. नाही म्हणायचं की नियम पाळायचा, या विचारात होतो, तोवर दोघांनी एकेक हात धरलाही. कलेची व्याप्ती वाढते आहे.

आता मी लिहिते, बायको. ह्याची रजा परवा संपते. मग ऑफिसला जाणार. त्यानंतर या दोघांना कोण धरणार, ते मला अजून कुणी विचारलेलं नाही.