मास्तरांच्या मापाची गाडी

२४ फेब्रुवारी

आज तिसऱ्यांदा बाबांनी व्यायामाला जायचं नाकारलं! खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात, पुढचा महिनाभर आठवड्यातून तीन वेळा इस्पितळात व्यायाम झाला नाही तर पाय कायमचा आखडेल. बाबा म्हणतात, "आखडू दे."

दोष बाबांचा नाही, गाडीचा आहे. धाकट्या भावाची गाडी. परदेशी जाताना माझ्या गळ्यात मारून गेला. त्याने हौसेने तिला उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन बसवलं आणि आयुष्यात एकदाच वापरलं — उंची कमी करायला. इतकी कमी, की खालून जाणाऱ्या मुंगीने वाकावं. नव्या खुब्याचा नियम असा की बसताना गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये. या गाडीत बसलं की गुडघा थेट हनुवटीशी गप्पा मारतो.

म्हणून मग माझा नवरा बाबांना काखेत धरून उचलतो. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेला माणूस, अर्ध्या शहराला क्लच सोडायला शिकवलेला माणूस पोत्यासारखा आत ठेवायचा! गेल्या खेपेला समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं हातातलं सामान विसरून बघत होती. बाबा तेव्हापासून गाडीकडे बघतही नाहीत.

२५ फेब्रुवारी

भावाला फोन. "ताई, त्यात काय! स्प्रिंगखालची रिंग फिरवायची, गाडी वर. पण सगळ्यात वर नको हं नेऊस, उंटासारखी दिसेल!"

बापाचा पाय आखडतोय आणि याला गाडीच्या दिसण्याची पडलीय. मी म्हटलं, उंट निदान खाली बसून माणसाला वर घेतो. फोन कटला. कटला की कापला, देव जाणे.

२७ फेब्रुवारी

तीन गॅरेजं झाली. पहिला म्हणाला, "पूर्ण वर घेऊन टाकू मॅडम, टेन्शनच नको." दुसऱ्याने डोळे मिटून चाकाला लाथ मारली आणि म्हणाला, "दोन बोटं." कोणाची बोटं, ते विचारायच्या आत चहाला गेला. तिसऱ्याने गाडीच विकत मागितली.

पुढच्या सदराला मजकूर मात्र भरपूर मिळाला. वीस वर्षं लोकांना टोचून पोट भरतेय. गॅरेजवाले कसे सुटले होते कोण जाणे.

१ मार्च

चौथं गॅरेज. भंगारवाल्याच्या शेजारी, पत्र्याची शेड. मालकीण चाळिशीची, केस रुमालात बांधलेले, कानामागे पेन्सिल. मी नेहमीच्या थाटात विचारलं, "काय, दोन बोटं वर घ्यायची का?"

ती म्हणाली, "कोण बसणार आहे?"

मी म्हटलं, गाडीचं विचारतेय मी. ती म्हणाली, "मीही."

आधी चारही चाकांची हवा तपासली. मग पारदर्शक नळीत पाणी भरून शेडची जमीन सपाट आहे का ते पाहिलं — रोज पाहते म्हणे, "जमीन रोज तीच नसते, ताई." मग चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत माप. जमिनीपासून का नाही? "टायर झिजतो, हवा कमी होते. चाकाचा मध्य कुठे जात नाही." चार चाकं, चार आकडे. पुढच्या दोन चाकांत चार मिलिमीटरचा फरक निघाला तर चेहरा असा केला, की कोणी तिच्या जेवणात खडा टाकलाय.

मी टोचायला तोंड उघडलं. आणि तिच्या मापपट्टीचं टोक धरून उभी राहिले. बरं नाही वाटत मला.

बाबांचं सगळं सांगितल्यावर पेन्सिल थांबली. "ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तर? मी त्यांच्याकडेच शिकले. क्लच सोड म्हणाले, मी स्टिअरिंग सोडलं. शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो ना, त्यावर उभे राहिले हो ते!"

म्हणाली, उद्या घरी येते, मास्तरांचं माप घ्यायला.

शिंप्यासारखं!

२ मार्च

आली. खांद्यावर पिशवी, पिशवीत प्लायवूडचे सारख्या मापाचे तुकडे, प्रत्येक एक सेंटिमीटर जाडीचा. स्वयंपाकघरातलं बसकं स्टूल मागितलं. त्यावर तुकडे रचायचे, बाबांनी बसायचं, हात न टेकता उठायचं. एक तुकडा वाढवायचा. पुन्हा.

बाबा आधी फुरंगटले. ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, तुम्ही मला एकाच चढावर सतरा वेळा गाडी थांबवून उचलायला लावली होती. मी मोजलं होतं."

बाबांना हसू आलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा!

अठ्ठेचाळीस सेंटिमीटरला उठताना हात टेकले. पन्नासला कधी जमलं, कधी नाही. एक्कावन्नला प्रत्येक वेळी उठले. मी खूश होऊन म्हटलं, मग त्रेपन्न करू की, आणखी सोपं. तिने केलं. बाबांच्या टाचा जमिनीवरून सुटल्या आणि ते पुढे घसरले. तिचा हात आधीच तिथे होता. माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यात जे होतं, ते मी सदरात लिहिलं असतं तर अब्रूनुकसानीचा दावा झाला असता.

म्हणजे बाबा बसलेले असताना सीट जमिनीपासून एक्कावन्न. आणि सगळ्यात वर का नाही, तेही आज कळलं. रिंग टोकाला नेली की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. खड्डा आला की खाड् करून आवाज, आणि तो धक्का थेट मास्तरांच्या नव्या खुब्यात. "उंची म्हणजे नुसतं चढणं नाही, ताई. प्रवासपण आहे ना मधे."

जाताना बाबांना विचारलं, "मास्तर, कुठल्या बाजूने बसणार?" बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मला पाणी आणायला पिटाळलं. घरात दोन तांबे भरलेले असताना!

३ मार्च

तिचा फोन. गाडीत प्रत्येकाच्या जागी त्याच्या वजनाची वाळूची पोती ठेवून उंची लावते म्हणे. रिकाम्या गाडीची उंची घेऊन काय करायचं? तर घरातल्यांची वजनं हवीत.

बाबा: साडेत्रेसष्ट. अर्ध्यासकट. नवरा: चौऱ्याहत्तर. मी: एकसष्ट.

४ मार्च

जमलं! घराच्या दारात, आम्ही आत बसायच्या आधी, बाबा शेजारच्या सीटवर स्वतः बसले, स्वतः उठले, पुन्हा बसले. दुकानातली गिऱ्हाइकं आजही बघत होती. बघा म्हणावं!

नंतर. ते वरचं खोडलं असतं, पण शाईने लिहिलंय.

नवरा चालवायला, बाबा शेजारी, मी मागे. निघालो. इस्पितळाच्या चढावावर मागून खर्रर्र आवाज आला. गाडीचं पोट घासलं. आणि उतरताना बाबांना उठता येईना. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हात दाराला लावला. शेवटी नवऱ्याने उचललं. व्यायाम केला, डॉक्टरांशी दार लावून काहीतरी बोलले. घरी आल्यावर एवढंच — "आता पुरे झालं हे."

मनात पहिला विचार काय आला? की चला, बाई चुकली. दुसरा विचार यायला संध्याकाळ झाली, आणि तो फार वाईट होता.

५ मार्च

तिने गाडी शेडमध्ये घेतली. आम्हा दोघांना, मला आणि नवऱ्याला, आत बसवलं. बाबांच्या जागी साडेत्रेसष्ट किलोची वाळू. चार मापं घेतली. पेन्सिल कानामागे ठेवली.

"मागे सहा मिलिमीटर खाली. पुढे चालकाकडे सात. पोती बरोबर आहेत, ती मी काट्यावर घातलीत. स्प्रिंग बरोबर आहे. म्हणजे आता तुम्ही दोघंच उरलात."

नवरा छताकडे बघायला लागला. मी म्हटलं, जाड शाल होती अंगावर. ती म्हणाली, "शाल कितीची?"

मग शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर! जिथे जुने पंखे आणि बादल्या मोजतात, तिथे. त्याने एका बाजूची गंजकी मोटर बाजूला सारून मला मानाने जागा करून दिली. बहात्तर. एकसष्ट नाही — बहात्तर! नवरा शहाऐंशी. भंगारवाला म्हणाला, "पितळेचा भाव लावला तर बरे जाल."

वीस वर्षं पुढाऱ्यांच्या आकड्यांना हसतेय मी. कोणी खर्च लपवतो, कोणी वय. आणि इकडे माझ्या अकरा किलोंनी बाबांना सीटवरून उठू दिलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त जुना कागद फाडला आणि नवा घेतला. "वजन सगळेच कमी सांगतात, ताई. चूक माझी. मी फोनवर विचारायला नको होतं."

असं माणूस असतं? असावं?

६ मार्च

बाबांना सगळं सांगितलं. भंगारवाल्यासकट. हसता हसता खोकला लागला. काठी जवळ ओढून घेतली. मग — "म्हणजे माझा पाय नव्हता तर."

"नव्हता, बाबा."

"तू होतीस."

"मी आणि तुमचे जावई."

"कधी मिळतेय गाडी?"

९ मार्च

नाही मिळत. पुढच्या चाकांत अजून एक मिलिमीटरचा फरक आहे म्हणून अडवून ठेवलीय. तोवर टॅक्सीत उचलून बसवणं बाबा सोसतायत, व्यायाम चुकत नाही. मी म्हटलं, एक मिलिमीटर कोणाला कळतो? "मला." बस. तिथे वादच संपला.

तासभर बसून बघत होते. आकड्यासारखा वाकडा पाना रिंगच्या खाचेत घालते, एवढीशी फिरवते. मग गाडी खाली घेऊन पुढे-मागे ढकलते — स्प्रिंग "जागेवर बसायला" हवी. मग माप. मग पुन्हा वर. असं नऊ वेळा. नवव्यांदा मापपट्टी ठेवली आणि गुणगुणायला लागली. उंची बदलली म्हणून चाकांचा रोख पुन्हा जुळवला, दिव्यांचा झोत खाली आणला. "नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात जाईल." समोरचा! ज्याला ती ओळखत नाही, कधी बघणार नाही, त्याच्या डोळ्यांचीही काळजी हिच्या कामात बसते.

गॅरेजवाल्यांवरचा लेख फाडला. पहिल्या तिघांवरचा परिच्छेद तेवढा ठेवलाय. तो चांगला झालाय.

१३ मार्च

सदर द्यायला उशीर. संपादक: "कोणावर आहे या वेळी?" मी: "कोणावर नाही, कोणाबद्दल आहे." संपादक: "तब्येत बरी आहे ना?"

१६ मार्च

गाडी आली. बाबा शेजारच्या सीटवर बसले आणि उठले. दहा वेळा. दहाही वेळा. मग आमच्यासकट, पूर्ण वजनाने. तेव्हाही!

आणि ऐका — सापडली! तिची चूक सापडली! गाडीसोबत कागद दिलाय: चार चाकांचे चार आकडे आणि खाली कुठल्या सीटवर किती वजन धरलं ते. त्यात लिहिलंय: चालक साडेत्रेसष्ट, शेजारी बहात्तर, मागे शहाऐंशी. तिघंही चुकीच्या जागी! बाबांची वाळू स्टिअरिंगमागे, मी बाबांच्या जागी, नवरा मागच्या सीटवर.

तिला सांगितलं नाही. इतक्या नेटक्या बाईच्या हातून एक तरी चूक व्हावी, याचं मला भलतंच बरं वाटलं. कागद पाकिटात जपून ठेवलाय.

१८ मार्च

चूक नव्हती.

सकाळी व्यायामाला निघालो. बाबा काठी टेकत गाडीला वळसा घालून चालकाच्या दाराशी गेले. दार उघडलं, आधी बसले, मग एकेक पाय आत घेतला. कोणी हात लावला नाही. खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली — चार मार्चची: कोणाच्याही मदतीशिवाय बसता-उतरता आलं की गाडी चालवायला हरकत नाही. नवरा सरळ मागे जाऊन बसला. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

मी शेजारी बसले. पहिल्याच वळणावर माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला.

बाबांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "पाय वर घे. त्या बाजूला ब्रेक नाहीये या गाडीत."