नोएमीकाकूसाठी साक्ष

२८ सप्टेंबर १९५०, गुरुवार. रामात गान

मी असं का बोलले काल!

ज्यूंच्या या नव्या देशात जगभरच्या ज्यू खेळाडूंच्या स्पर्धा भरल्यात; त्यांच्या संचलनाहून छावणीत परत येत होतो. कुंपणापलीकडे नेहमीसारखी माणसं उभी होती. आम्ही आलो त्या दिवसापासून उभी असतात. "कुठल्या गं तुम्ही? सालोनिकाची आहे का कोणी? विल्नाची?" खेळ बघायला येतच नाहीत ती, चेहरे बघायला येतात. त्यांच्यातून हाक आली, "इटलीवाल्या, कासालेची कोणी आहे का?" आणि मी वळले.

नोएमीकाकू! तुल्लियो मास्तरांची बायको. व्यायामशाळेच्या दारात बसून आम्हा पोरांचे फाटलेले मोजे रफू करायची ती. केस पांढरे झालेत. तिने तारेतून माझी बोटं पकडली. "लेलियोची बहीण ना तू? एल्दा? केवढी उंच झालीस!" आणि मग, सगळे जे विचारतात तेच — "यांचं काही कळलं का गं कधी? काहीही?"

मी म्हणाले, "काकू, त्यांना पुरलं तेव्हा मी तिथे होते."

वाटलं, रडेल. ती रडली नाही. डोळे मिटून म्हणाली, "मिळाली. साक्षीदार मिळाली मला."

मांडवांच्या सणाचे मधले दिवस आहेत, लेखणी हातात घेऊ नये. पण विसरल्याने ज्याचं नुकसान होईल ते लिहून ठेवायला हरकत नाही, असं आजोबा म्हणत. याने नुकसान होईल. नीट लिहून ठेवते.

त्रेचाळीसच्या डिसेंबरात जर्मनांपासून पळून मास्तर आणि लेलियो एकत्र निघाले. डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला. दोघांच्याही अंगात कोटाखाली व्यायामशाळेची निळी जर्सी होती — लोकरीची, गरम. पोचून आम्हाला बोलावून घेणार होते. आई आणि मी ओळखीच्या एका पाद्रीबुवांच्या गावात, त्यांच्या बहिणीच्या माडीवर लपलो होतो. काकू कुठे लपली होती आम्हाला माहीत नव्हतं, आणि नंतर ती गावी परतलीच नाही. निरोप आला नाही. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि ओढ्यात एक प्रेत सापडलं. एकच. निळी जर्सी घातलेलं.

आई म्हणाली, "आपला नाही. मास्तर आहेत ते." ती आली नाही. मला म्हणाली, "तुला प्रार्थना येते. तू जा." आजोबा आधीच्या वर्षी गेले होते, दुसरं कोणी नव्हतंच. मी तेरा वर्षांची होते. पाद्रीबुवांनी कांबळ्याचं टोक क्षणभर उचललं. मी प्रार्थना म्हटली. मास्तरांचं नाव घेऊन म्हटली.

क्षणभरात काय पाहिलं मी? एक गाल. कान. ओले केस. जर्सीची कॉलर.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी सरावानंतर काकूच्या खोलीवर. शब्बाथ लागायच्या आत, म्हणजे सूर्यास्ताआधी, परत यायचं म्हणून घाईत. एक खोली, मध्ये पडदा, पलीकडे रुमानियाचं कुटुंब. काकूने वांग्याची 'कलेजी' केली होती. इथे मांस मिळत नाही, म्हणून सगळं वांग्याचंच करतात. कॉफी म्हणून जे दिलं ते देवच जाणे काय होतं!

हेनिक आला होता. बस चालवतो. पोलंडचा आहे, बायको-मुलं तिथेच गेली. मोठे हात, बोलायला लाजतो. काकूला म्हणाला, "पोरीला आधी खाऊ दे, मग छळ."

"मी छळते?" काकू म्हणाली. "तीन वर्षं मला कोण छळतंय? रोज विचारतोस, कधी, कधी!"

"मी विचारतो. तू चिडतेस. अगदी लग्न झाल्यासारखंच चाललंय आपलं."

ती दोघं हसली. मी पण हसले. आणि मग कळलं मी कशात सापडले आहे.

नवरा मेल्याचा पुरावा नाही, म्हणून रब्बींचं धर्मपीठ तिला लग्नाची परवानगी देत नाही. नवरा असलेली बाई ती, जगाच्या अंतापर्यंत. "सगळ्यांना लिहिलं मी," काकू म्हणाली. "प्रत्येक ठिकाणहून एकच उत्तर, माहिती नाही. मला अडतिसावं संपत आलंय, एल्दा. मूल हवंय गं." सोमवारी सकाळी रब्बी स्वतःच्या घरी साक्ष ऐकायला बसायला तयार आहेत. साक्षीदार जहाजावर चढून जाईल म्हणून सणाच्या दिवसातसुद्धा.

मला नियम माहीत आहे. हेच तर माझं दुर्दैव! ज्यू म्हणून शाळेतून आम्हाला काढलं तेव्हा आजोबांनी मला घरी बसवून मुलग्यांना शिकवतात ते शास्त्र शिकवलं. इतर कुठे बाईची साक्ष चालत नाही, पण या एका बाबतीत एकट्या बाईचीही चालते. इतकी सवलत. पण चेहरा पाहिलेला हवा. नाकासकट. कपडे चालत नाहीत, कारण कपडे माणसं एकमेकांना देतात. आणि साक्ष चुकली, पहिला नवरा जिवंत परत आला, तर ती दोघांनाही मुकते. मधल्या काळात झालेलं मूल कायमचं समाजाबाहेरचं.

आजोबा हे सगळं चिमट्याने अक्रोड फोडत शिकवायचे. मी मजेत पाठ करायची.

शब्बाथचे दिवे लावायची वेळ झाली.

१ ऑक्टोबर, रविवार

काल शब्बाथ, म्हणून लिहिलं नाही, पण दिवसभर मनात लिहितच होते. तेही पापच असेल.

छावणीतल्या मांडवात जेवायला बसलो. फांद्यांचं छप्पर, कागदाच्या माळा. रिवाजाप्रमाणे एक खुर्ची पाहुण्या पूर्वजांसाठी रिकामी — अब्राहाम, इसहाक, जे कोणी त्या रात्री यायचे ते. आमच्या टेबलापाशी कोणी तिच्यावर टॉवेलसुद्धा टाकला नाही. एरवी ही मंडळी देवळातसुद्धा टॉवेल टाकतील! हंगेरीहून इथे आलेल्या एका मुलीने तिच्या ताटातला पाव त्या खुर्चीसमोर ठेवला. 

फ्लोराला मी सगळं सांगितलं. ती गोळा फेकते, रोमची आहे, मला 'रब्बीणबाई' म्हणते.

"मग अडलंय कुठे?" ती म्हणाली. "चेहरा पाहिला म्हण. एक वाक्य! मी तर म्हणेन, पाहिला, नाकावर तीळसुद्धा होता."

"तीळ नव्हता."

"अगं बाई! म्हणजे नाक आठवतंय तुला."

आठवतंय. जिवंत मास्तरांचं आठवतंय. डोळे मिटले की कांबळ्याखाली मास्तरांचाच चेहरा दिसतो, नाक, कपाळ, सगळं. पण तो मी पाहिला म्हणून दिसतो, की आई म्हणाली म्हणून मी तो तिथे बसवला? मला सांगता येत नाही. सहा वर्षं मी त्याला इतका हाताळलाय की कापडाचा मूळ रंग कळू नये तसं झालंय.

आणि कान. लेलियोचे कान आजोबांसारखे, पाळी गालाला चिकटलेली. ओढ्यावरचा कान आठवायला गेलं की डोळ्यापुढे पाणी येतं. नुसतं पाणी.

फ्लोराला हे सांगितलं नाही — की ते मास्तर नसतील तर लेलियो होता. आणि मास्तर असतील तर लेलियो कुठेतरी आहे. आई म्हणते, अर्जेंटिनात असेल, तो पत्र लिहिण्याचा आळशीच. इथे आल्यापासून रस्त्यात प्रत्येक पाठमोऱ्या उंच मुलाला पाहून माझे पाय थांबतात. काल एकाने वळून विचारलं, "काय हवंय?" 

आज उंच उडी. दुसऱ्या प्रयत्नात एकशे चाळीस पार केलं. पुढच्या उंचीला धाव घेताना कुंपणाशी काकू दिसली, हेनिकच्या खांद्याला धरून चवड्यांवर उभी, माझं नाव ओरडत होती. तिन्ही वेळा दांडी पाडली. चौथी आले. प्रशिक्षक म्हणाले, "पाय ठीक आहेत तुझे. डोकं कुठे ठेवून आलीस?"

२ ऑक्टोबर, सोमवार

झालं.

रब्बींच्या घरामागच्या मांडवात. तीन जण बसले होते. बोलत होते एकटेच मधले — पोलंडचे, म्हातारे, दाढीत पावाचा कण. काकू अंगणात उभी राहिली, बोलणं ऐकू येईल इतकी जवळ. हेनिक फाटकाबाहेर.

"घाबरू नकोस, बाळ," रब्बी म्हणाले. "माझ्याकडे रोज बायका येतात. साक्षीदार येत नाहीत. तू आलीस हाच माझा सण. आता सांग."

सगळं सांगितलं. ओढा, कांबळं, जर्सी.

"जर्सी सोडून दे. ती आणखी कोणाकडे होती?"

"माझ्या भावाकडे. ते दोघं बरोबर होते."

 डावीकडच्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"भाऊ कुठे आहे?"

"माहीत नाही."

"तो नव्हता कशावरून?"

"आई म्हणाली, आपला नाही."

"आईने पाहिलं होतं?"

"नाही. ती आलीच नाही. मी पाहिलं."

"चेहरा पाहिलास?"

छपराच्या फांद्यांतून ऊन खाली पडलं होतं, टेबलावर, रब्बींच्या हातांवर. अंगणात काकूची चप्पल जमिनीवर एकदा घासली गेली. मला तेवढंच ऐकू आलं.

"पाहिला," मी म्हणाले.

"कोणाचा?"

"तुल्लियो मास्तरांचा."

"या साक्षीत तुझा काही लाभ?"

"नाही."

यातलं कुठलं खोटं होतं? पहिलं कदाचित खरं असेल. खरंच असेल! शेवटचं मात्र खोटं, हे मला बोलतानाच कळलं. मास्तर मेले तरच माझा लेलियो जगतो. याहून मोठा लाभ कुठला?

रब्बींनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तेरा वर्षांची पोर, आणि तू त्यांच्यासाठी प्रार्थना म्हटलीस. तुझ्या आजोबांचं नाव काय?" सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू ओळखतच होते.

काकूने मला अंगणात इतकं घट्ट धरलं की श्वास घेता येईना. मग तिथेच जमिनीवर बसली आणि मास्तरांसाठी रडली. सात वर्षांचं साठलेलं. पोटातून, आवाज न करता. हेनिक फाटकाशी टोपी हातात घेऊन उभा. आत आला नाही. एवढं त्याला कळतं.

मला वाटलं होतं, हलकं वाटेल.

४ ऑक्टोबर, बुधवार

परवानगी मिळाली. फ्लोराने छावणीभर नाचत सांगितलं, "आमच्या रब्बीणबाईंनी नवरी सोडवली!" हिचं तोंड कोणी शिवेल का!

संध्याकाळी मैदानावर एकटीच गेले. वाटलं, रब्बींकडे परत जाऊन सांगावं, मला नक्की माहीत नाही. मैदानाच्या फाटकापर्यंत गेले दोन वेळा. काकू रडून मोकळी झालीय. तिच्या मेलेल्या माणसाला मी पुन्हा कुठल्या तोंडाने उठवू?

५ ऑक्टोबर, गुरुवार

गेले नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

दुपारी लग्न, संध्याकाळी समारोप. नवरा-नवरीच्या डोक्यावरच्या कापडी मंडपाच्या चार काठ्या आमच्या संघाने धरल्या. एक मी. माझी काठी कलली. फ्लोरा कुजबुजली, "नीट धर, काय नवऱ्याच्या डोक्यात घालतेस?" रिवाजाप्रमाणे पेला नवऱ्याच्या पायाखाली फुटला. सगळे ओरडले. काकूच्या अंगावर उसना निळा झगा, केसांत कण्हेर. सुंदर दिसत होती. खरंच.

हेनिक मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुलगा झाला तर तुल्लियो ठेवायचं ठरलंय आमचं. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव देतात. तिच्या आधीच्या घराला मी विसरू देणार नाही."

 मी त्याच्या मोठ्या हातात माझा हात दिला आणि तसाच राहू दिला.

केक वाटला. अंड्याच्या भुकटीचा. सगळ्यांनी बोटं चाटली.

१२ ऑक्टोबर, जहाजावर

समुद्र खवळलाय. स्वप्नात ओढा. कांबळं उचलणारे हात पाद्रीबुवांचे नाहीत, माझेच आहेत, आणि उचलून उचलून कांबळं संपतच नाही.

फ्लोरा म्हणते, "चांगलं काम केलंस, आता तोंड कशाला पाडतेस?" बरोबर आहे तिचं. घरी गेले की आईला सांगेन. आई ऐकून खूश होईल. धर्मपीठानेसुद्धा मान्य केलं, ते मास्तरच होते. म्हणजे आई म्हणते तेच खरं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार. घर

आईला सांगितलं. ती गाजरं चिरत होती. शेवटपर्यंत ऐकलं, सुरी खाली ठेवली. विचारलं, "लग्न झालंसुद्धा?" मी म्हटलं, झालं. तिने एप्रनला हात पुसले. मग म्हणाली, "पाद्रीबुवांनी पुरायच्या आदल्या संध्याकाळी मला नेलं होतं, एल्दा. चेहरा मीच धुतला. आपला लेलियो होता."