दोन भोकांचं पंक्चर

बाबा,

त्या रविवारचं तुमच्या सायकलचं पंक्चर मी केलं होतं, हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. काल संध्याकाळी आईने याला दुजोरा दिला. "मग मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "तू विचारलंस कधी?" ती म्हणाली आणि पुन्हा मटार सोलायला लागली. नव्वदीला टेकली आहे, पण उत्तराला अजून उशीर लागत नाही.

मी पाचवीत होते. शाळेचं स्नेहसंमेलन आणि तुमची हेडक्लार्कची खात्याची परीक्षा एकाच सकाळी आली. नाटकात मी दुसरा कावळा होते आणि तुम्ही येणार नव्हता. म्हणून आदल्या रात्री कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन मी मागच्या टायरच्या बाजूला दोन्ही टोकं दाबली. सकाळी चाक बसलेलं. आई म्हणते आहे, "अहो, बसने जा ना." तुम्ही धोतराचा सोगा खोचून म्हणता, "रविवारची बस? त्यापेक्षा पंक्चर लवकर निघेल." घमेल्यात पाणी, ट्यूब तुमच्या हातात, पंप माझ्या. एक भोक सापडलं, पॅच लावला, हवा भरली, तरी पाण्यात बुडबुडे. पहिल्या भोकाशेजारीच दुसरं. तुम्ही त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलंत. मग आईला म्हणालात, "काटा होता." दुसरा पॅच बसेपर्यंत कॅम्पातल्या परीक्षेची वेळ टळून गेली होती. हेडक्लार्क तुम्ही एक वर्ष उशिरा झालात. त्याच आठवड्यात तुम्ही व्हॉल्व्ह ट्यूबचे, त्या बारीक रबरी नळीचे, दोन इवलेसे तुकडे कापून माझ्या कर्कटकाच्या टोकांवर बसवलेत. "हाताला लागेल," एवढंच बोललात. मला ते खरंच वाटलं.

वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यावर मी यावरच कुमारांसाठी कादंबरी लिहिली. त्यातली मुलगी शेवटच्या प्रकरणात दहा पानं कबुली देते आणि वडील तिला माफ करतात. मी कधी दिली नाही, म्हणून तिच्याकडून देववली. ट्यूबवरचा पॅच हे माफीचं प्रतीक, असं मी मोठ्या हौसेने योजलं होतं. परवा धायरीच्या एका शाळेत नववीच्या मुलांनी कादंबरीवर चर्चा ठेवली. पॅच म्हणजे माफी, पाणी म्हणजे मन, बुडबुडे म्हणजे लपवलेलं बोलणं, असं सगळं रीतसर सांगून झालं. मी समाधानाने मान डोलवत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"मॅडम, पॅच म्हणजे माफी कशी? पॅच नाय लावला तर बाबा ऑफिसला कसे जाणार? माफी म्हणजे ती व्हॉल्व्ह ट्यूब."

"ती तर मुलीच्या हाताला लागू नये म्हणून आहे," मी म्हटलं.

"नाय हो मॅडम! आमच्या आजोबांचं सायकलचं दुकान हाय. शेजारीशेजारी दोन भोकं, एकसारखी. काटा असा मोजून टोचतो का? बाबांना तेव्हाच कळलंय. म्हणून तर टोपणं घातली. ओरडायला नको, अन् सायकलपण वाचली." मग म्हणाली, "तुम्हीच लिहिलंय ना पुस्तक?"

वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसले आणि मग थोडं पाणी मागून घेतलं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या, घरातली ही एक तपासायची राहिली. तिथून थेट आईकडे गेले नाही. एक दिवस धीर गोळा केला. तुम्ही माझ्यावर मनात राग ठेवून गेलात का, हे मला खरं म्हणजे कधी विचारायचंच नव्हतं. विचारल्यावर आई शेवटी म्हणाली, "राग कसला? पंधरा दिवस हसत होते. 'पोरीने अंतर अचूक घेतलं' म्हणायचे."

हे पत्र घडी करून कंपासपेटीत ठेवणार आहे. कर्कटकाच्या एका टोकावरचं रबर अजून शाबूत आहे. नव्या आवृत्तीच्या दुरुस्त्या शुक्रवारपर्यंत द्यायच्या आहेत. कबुलीची दहा पानं राहू देते, कादंबरीतल्या मुलीला त्यांची गरज आहे. बदलायचं आहे ते एक वाक्य. नाटकाच्या वेळी तिसऱ्या रांगेत वडील दिसतात आणि मुलगी अपराधाने रडू लागते, असं मी लिहिलं आहे. मी रडले नव्हते, बाबा. पंक्चर काढून काळ्या झालेल्या हातांनी टाळ्या वाजवणारे तुम्ही दिसलात आणि मी इतकी खूश झाले, की पहिल्या कावळ्याचं वाक्यही मीच म्हणून टाकलं. शुक्रवारी तेवढं खरं करून पाठवीन.