स्वाध्याय नसलेलं पुस्तक

पुनावळे,
सोमवार, दुपारच्या चहानंतर

प्रिय व्याही सोपानराव यांस,

मधुसूदनचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण माझ्या गुडघ्यांची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे. जे घालता येत नाही ते कागदावर तरी कशाला घाला? तुमचा खांदा कसा आहे? विहीणबाईंची साखर आटोक्यात आहे ना? दुकानासमोर खणलेला चर बुजवला, की गिऱ्हाईक अजून फळीवरूनच येतं? इकडे सगळं क्षेम. आमच्या समोर नवी इमारत उठते आहे. गॅलरीतून दिसणारा डोंगर निम्मा झाकला गेला, वरचा निम्मा शिल्लक आहे, तो रोज चहाबरोबर बघून घेतो.

काळेवाडी ती काय लांब, आणि हातात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण सोपानराव, फोनवर मला नीट पश्चात्ताप करता येत नाही. मी घसा खाकरून सुरुवात करतो, तेवढ्यात तुम्ही “जेवान झालं का?” विचारता, आणि मग वांग्याच्या भरतावरच बोलणं संपतं. म्हणून हे लिहितो आहे. चित्रा गेले काही दिवस तुमच्याकडे आहे. ‘आईचा हात दुखतोय म्हणून जाते’ असं सांगून गेली. तिनं तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण माझ्याविषयी वाईट काही सांगितलं नसणार याची खात्री आहे, आणि मला टोचतंय ते तेच.

झालेली हकिकत अशी. चाकणच्या कंपनीत चित्रा दहाबारा वर्षं माल पाठवण्याच्या नोंदी करते. आता त्या नोंदी यंत्रच करणार म्हणे. ऑफिसातल्यांना कंपनीनं सांगितलं, की प्रोग्रामिंगची परीक्षा द्या. पास होईल तो नव्या विभागात, नाही होणार त्यानं आपलं बघावं. मी एका शुक्रवारी चिंचवडला चष्मा आणायला निघालो होतो. चित्रा दारापर्यंत आली आणि म्हणाली, “बाबा, पुस्तकांच्या दुकानावरून जाणारच आहात, तर नवशिक्यांसाठी प्रोग्रामिंगचं एखादं आणाल का? सरावाला भरपूर असेल असं बघा.” मी ‘हो’ म्हणालो. (हो म्हणताना माणसानं पुढचं वाक्यही ऐकावं, हे मला या वयात कळतंय.)

दुकानातल्या मुलानं दोन पुस्तकं पुढ्यात ठेवली. एक जाडजूड, दर दोन पानांमागे स्वाध्याय. हे करून पाहा, ते करून पाहा, खालील प्रोग्राममधील चुका शोधा. सोपानराव, स्वाध्याय हा शब्द दिसला आणि माझा जीव एकदम चौथीच्या वर्गात गेला. आमचे गुरुजी कविता अशी म्हणत, की खिडकीबाहेरची म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघे. अख्खा वर्ग चालीवर डोलत असायचा. आणि मग गुरुजी पान उलटून म्हणायचे, “हं, आता स्वाध्याय.” कवितेतला मोर कुठे नाचत होता? मोर का नाचत होता? मोराच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? संपला मोर! पन्नास पोरांनी मिळून त्याची पिसं उपटलेली असायची. तेव्हापासून माझं पक्कं मत झालं, की पुस्तकाचा घात स्वाध्याय करतात.

दुसरं पुस्तक मात्र सडपातळ. लिहिणारा गृहस्थ मोठा रसाळ. काहीही विचारत नाही, नुसतं समजावत जातो. आणि आत ते जे प्रोग्राम छापलेले असतात ना, ते मी प्रथमच पाहिले. लहानमोठ्या ओळी, काही डावीकडून सुरू होणाऱ्या, काही आत सरकवलेल्या, मध्येच एक ओळ पुन्हा पुन्हा येणारी. अहो, कविताच ती! ध्रुवपदासकट! मी तिथेच उभ्या उभ्या एक प्रोग्राम चालीत म्हणून पाहिला. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, ह्यात एक्सरसाइज नाहीयेत हां.” मी म्हणालो, “म्हणूनच घेतोय.” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लोक चुकीच्या बसमध्ये चढणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहतात. पण थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं.

पुस्तक चित्राच्या हातात दिलं. तिनं मागची पानं चाळली आणि म्हणाली, “छान आहे, बाबा.” तुमची लेक माझी सून तर आहेच, पण त्याहून जास्त म्हणजे या घरातली माझी एकुलती एक श्रोती आहे. (सलिल पोटचा मुलगा, पण मी कविता सुरू केली की त्याला गाडीत पेट्रोल भरायचं आठवतं, आणि आमची ही टीव्हीचा आवाज वाढवते.) मला वाटलं, दिवसभर थकून येते बिचारी, तिला वाचायचे कष्ट कशाला? म्हणून संध्याकाळी ती भाकऱ्या थापायची आणि मी ओट्याशी स्टूल घेऊन मोठ्यानं वाचायचो. एखादा प्रोग्राम आवडला तर दोनदा. डावीकडे सोडलेल्या समासात काय सौंदर्य आहे तेही सांगायचो. ती “हं, हं” करायची. जेवणं झाली की उरलेलं प्रकरण. एकदा म्हणाली, “बाबा, ऐकायला गोड वाटतं, पण हाताला काही येत नाहीये.” मी म्हणालो, “येईल, येईल. आधी कानात मुरू दे.” तुम्ही त्या रविवारी आला होतात, तुम्हालाही एक पान म्हणून दाखवलं, आठवतं? तुम्ही म्हणालात, “वाचाय ग्वाड हाय राव, पण ह्यातनं काम व्हतंय व्हय?” मी हसलो होतो. ते हसू आज परत घेतो.

परीक्षा झाली. चित्राला सुरुवातीचे प्रश्न सुटले (हा आपल्या वाचनाचा प्रताप, असं मी मनातल्या मनात म्हटलंही), पुढचे कोरे राहिले. घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाली, “माझाच अभ्यास कमी पडला, बाबा.” आणि नेहमीसारखी माझ्यासाठी चहा टाकायला गेली. सलिल मात्र बोलला. एरवी तो माझ्याशी फक्त गॅस आणि लाइट बिलाविषयी बोलतो, त्या दिवशी म्हणाला, “बाबा, तिला एकदा तरी कॉम्प्युटरला हात लावू दिलात का हो तुम्ही?” मी गॅलरीत जाऊन उरलेला डोंगर बघत बसलो.

पुढच्या महिन्यात कंपनी आणखी एकदाच परीक्षा घेणार आहे. ही संधी गेली तर नोकरी गेली. आणि चित्रा म्हणते, “मला नाही बसायचं आता, जमणार नाही ते.” जिनं कंपनीतल्या वाकड्या मॅनेजरांना सरळ केलं, ती एका म्हाताऱ्याच्या हौसेपायी स्वतःला मठ्ठ समजू लागली आहे. हे माझ्या घरात घडलं, व्याही. आमच्या गुरुजींनी मला सगळ्या कविता शिकवल्या, पण कुठे गप्प बसावं तेवढं शिकवायचं राहून गेलं.

तेव्हा विनंती एवढीच. रविवारी चित्राला पाठवावं. सलिल गाडी घेऊन येईल. तिच्यावाचून घर ओकंबोकं झालं आहे, चहाला चव नाही, आणि मी काही वाचलं तर ऐकायला भिंती तेवढ्या उरल्या आहेत. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
मधुसूदन

ता. क. : खरी गोष्ट आता लिहितो. आज सकाळी चिंचवडला जाऊन ते जाडजूड, स्वाध्यायवालं पुस्तक घेऊन आलो. ते सोबत पाठवतो आहे. चित्राला ते तुम्ही आणलं म्हणून द्या. माझं नाव काढू नका. मी दिलं तर ती “छान आहे, बाबा” म्हणेल, आणि त्या ‘छान’चा अर्थ मला आता कळू लागला आहे. तुम्ही बाप आहात, तुमच्या तोंडावर ती वाईटाला वाईट म्हणेल.

ता. क. दुसरा : पुस्तक आता सोबत येत नाही. त्याचं असं झालं. आमच्या हिनं पत्र वाचलं (मी पत्र लिहितो आणि ही तपासते, असा चाळीस वर्षांचा रिवाज) आणि कपाळाला हात लावून म्हणाली, “अहो, हे पुस्तक आहे तिच्याकडे! तुम्ही ते दुसरं आणलंत, त्याच आठवड्यात तिनं हे घेतलं. तुम्ही सकाळी फिरायला गेलात की त्यातले स्वाध्याय करत बसायची.” मी विचारलं, “मग पूर्ण का नाही केलं?” तर म्हणते, “तुम्ही लवकर परत येता म्हणून. आणि संध्याकाळी तुमचं कीर्तन. ती पोरगी चौथ्या प्रकरणाच्या पुढे जाणार कधी?” म्हणजे जे प्रश्न सुटले ते त्या पुस्तकाचे, आणि जे कोरे राहिले ते माझे.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा मजकूर समजावा : रविवारी चित्राला पाठवू नका. परीक्षा होईपर्यंत तिथेच ठेवून घ्या. कंपनीची बस काळेवाडीवरूनही जाते. ते पुस्तक तिनं बॅगेत नेलंच असेल. नसेल नेलं तर सलिलबरोबर गुपचूप पाठवतो. बसायचं नाही म्हणाली तर दामटून बसवा. घरी येते म्हणाली, तर बाबांनी चहा स्वतः करायला शिकून घेतलाय म्हणा. (अजून दूध उतू जातं, ते सांगू नका.) आणि बाबा सध्या काय वाचताहेत, हे ती विचारेलच. सांगा, काहीतरी वाचताहेत, पण मनात.