वजा एकसष्ट

भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद. (वयाने तुम्ही चार वर्षांनी मोठे असलात तरी नात्याने मी मोठी, तेव्हा मुकाट्याने घ्यावा.) गुडघा कसा आहे? जाऊबाई तुम्हाला जिना चढू देत नाहीत असं कळलं, बरंच करतात. मी ठीक आहे. जेवते, झोपते, वाचते.

पत्राला कारण कोंबडे. ह्यांनी खुडूक कोंबडीखाली चौदा अंडी ठेवली आणि पिल्लं बाहेर यायच्या आधीच हे गेले. चौदातले नऊ नर निघाले. वाचनालयातलं पुस्तक म्हणतं, निम्मे नर निघतात. पुस्तकवाल्याकडे निघत असतील. जास्तीचे नर वेगळे ठेवून, खाऊ घालून अठराव्या आठवड्यात घरच्यासाठी कापावेत, पुढे मांस चिवट होतं आणि दाणा फुकट जातो, असंही त्यात आहे. मग मी चौघांना कोरडा भरडा सुरू केला आणि पाचांना ताकात भिजवलेला. कुणाचं अंग जास्त भरतं ते मला बघायचं होतं. (शाळेत सातवीनंतर जे राहिलं, ते हे असं निघतंय.)

मधेच शेजारच्या निवृत्त पोस्टमनदादांनी आरवण्याची तक्रार केली, म्हणून खुराड्यावर गोधडी टाकून पाहिली. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात, ते मी तीन दिवस पडताळलं, खरं आहे. पण झाकलेलं कोंबडं साडेसातपर्यंत गप्प बसतं, हे म्हणीत कुठे सांगितलेलं नाही.

मग वजनं. ह्यांची पद्धत तुम्हाला आठवत असेल, कोंबडा काखेत धरून काट्यावर उभं राहायचं आणि माणसाचं वजन वजा करायचं. शेडच्या दारावर ह्यांनी खडूने लिहूनच ठेवलं होतं, ‘वजा ६१’. मी इमानेइतबारे वजा करत गेले. दहाव्या आठवड्यात कोंबडे सात किलोंचे भरले, अठराव्यात ताकवाला एक साडेआठ. मी ताकाचे गुण पोस्टमनदादांना ऐकवले. ते बघायला आले, कोंबडा हातात तोलला आणि म्हणाले, कोंबडा आहे की बोकड? मग दाराकडे बघून त्यांनी विचारलं,

“वहिनी, हे एकसष्ट कोण?”

“हे,” मी म्हटलं. “बरे होते तेव्हाचे.”

त्यांनी कोंबडा खाली सोडला. नंतर म्हणाले, मग तुम्ही स्वतः किती? (तीस वर्षं लोकांची पोस्टकार्डं वाचून माणसाला अशी सवय लागते.) म्हणजे भाऊजी, आठ आठवडे मी माझ्यातून ह्यांना वजा करत होते आणि जे उरेल त्याला कोंबडा म्हणत होते. खडू पुसलेला नाही. खाली माझा आकडा लिहिलाय, तो तुम्हाला कळवत नाही.

आता बाविसावा आठवडा चाललाय. कोंबडे जाळीवरून उडून कोंबड्यांत शिरतात. दोघींच्या पाठीवर पीस राहिलेलं नाही, एक तर पाणी प्यायलाही बाहेर येत नाही. कापायलाच हवेत. तीस वर्षं मी घरचा कोंबडा खाल्ला, पण हे शेडमागे कापायचे तेव्हा मी स्वयंपाकघरात रेडिओ मोठा करून कांदे चिरत बसायचे. पुस्तकातली चार पानं मला पाठ आहेत. हात सुरीपर्यंत जातो आणि पदर सावरून परत येतो.

जाऊबाईंना सांभाळा.

तुमची वहिनी

ता. क. वजनाचं तुम्हाला हसू यावं म्हणून लिहिलं. खरं काम हे, की येत्या रविवारी या. मी पाय धरते, तुम्ही सुरी धरा.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं, आज बुधवार. काल सकाळी त्या आत बसलेल्या कोंबडीच्या पाठीतून रक्त येताना पाहिलं आणि एक कापला. रेडिओ लावला नाही. मांस चिवट झालंय, पुस्तक बरोबर होतं. पोस्टमनदादांना वाटीभर दिलं, मी दोन्ही वेळा खाल्लं, तरी पातेलं अर्धं आहे. तेव्हा कापायचं मी बघते, तुम्ही दोघं जेवायला या. आठ बाकी आहेत, आणि मला एकटीला एक संपत नाही.