‘तिला नाही आवडत’ म्हणे!

सोअर नदीवर, मंगळवार, जून २००६

संताप जातच नाहीये. नॉटिंगहॅमचं घर विकून सुधीर आणि मी या बोटीवर राहायला आलो, त्याला वर्ष होईल. वर्षभर प्रत्येक लॉकला दोर घेऊन काठावर उडी मी मारते, बोट वर-खाली न्यायला पाणी अडवणारे ते अवजड लाकडी दरवाजे पाठ लावून मी ढकलते. हा सुकाणू धरून उभा. वर ओरडतो, "नीलू, लवकर!" जणू अजून ऑपरेशन थिएटरमधला सर्जनच आहे.

आज शेजारच्या बोटीतल्या बाईंनी त्याला हसत विचारलं, "तुमची बायको कधी चालवत नाही?"

"तिला नाही आवडत."

नाही आवडत? मला विचारलं कधी? जन्मभर लोकांना भूल दिली, त्यांचे श्वास सांभाळले मी. आणि ही बोट माणसाच्या चालीनं जाते!

पुढच्या लॉकला दोर त्याच्या हातात दिला. "तू उतर."

"अगं, वारा आहे, धडकवशील."

"धडकवीन."

धडकवलीच. त्याच्या लाडक्या निळ्या रंगावर हा लांब ओरखडा. तो बघतच राहिला. मग मी ओरडले, "सुधीर, दरवाजा!" गेला बिचारा. बिचारा का लिहिलं मी? ‘तिला नाही आवडत’ म्हणणारा माणूस बिचारा नसतो.

जेवताना म्हणाला, "पाठ भरून आलीय गं. उद्या मी चालवतो."

मी बामची बाटली त्याच्यापुढे सरकवली. "उद्या सात लॉक आहेत. लवकर झोप."